तारखेच्या चौकटीचा रंग

हमले ५
राजीनामा दिला. मालक गाशे त्सेगाये चष्म्यावरून बघत म्हणाले, "जा की. अडवलंय कोणी? अदामा शहरातल्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलचं तेवढं संपव नि जा."
संपवायचं काय, तर नोंदणीच्या प्रोग्रॅममधली तारखेची चौकट. ती पांढरी आहे. त्यांना हिरवी हवी. रंगाची एक ओळ! उद्या जेवायच्या आत होईल.
सोस्नाला तिच्या औषधांच्या दुकानात फोन केला. बाहिर दारच्या कॉलेजातली नोकरी पक्की झाली म्हणून सांगितलं. नव्या वर्षापासून, म्हणजे मेस्केरेमपासून. मी तिथे राहायला गेलो की देजेनेकाका दोन म्हाताऱ्यांना घेऊन तिच्या घरी मागणी घालणार. तिच्या वडिलांची अटच आहे: जावई अदिस अबाबात आणि मुलगी बाहिर दारला, असला संसार नको. सोस्ना म्हणाली, "मग कधी येतोस?" म्हटलं, याच आठवड्यात.

हमले ६
रंगाची ओळ लिहिली. चौकट पांढरीच. परत लिहिली. पांढरीच. विंडोजचं म्हणणं, रंग आम्ही ठरवणार. रेडिमेड चौकट म्हणजे भाड्याची खोली, भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही.
शिवाय तिच्या कॅलेंडरला आमचा तेरावा महिना, पागुमे, ठाऊकच नाही. बारा महिने मोजले की तिची अक्कल संपली.
निर्णय: चौकट स्वतः काढायची. पहिल्या रेघेपासून. फार तर तीन दिवस.

हमले ११
चौकट हिरवी झाली! मात्र बाण गेला. ज्याच्यावर क्लिक केलं की कॅलेंडर उघडतं, तो. नवा काढला. किंचित डावीकडे झुकलाय. की मीच झुकून बघतोय?

हमले १९
गाशे पाठीमागे येऊन उभे राहिले. "झालं की रे वुबशेत! दे पाठवून."
म्हटलं, गाशे, हा हिरवा औषधाच्या बाटलीचा आहे. मला पहाटेच्या गवताचा हवाय.
"तिथल्या बायकांना तारीख लिहायचीय, गुरं चारायची नाहीयेत. पाठव आणि सूट."
असल्या माणसाकडे मी सहा वर्षं काढली. पाठवलं नाही. माणूस जाताना मागे काय ठेवून जातो त्याला महत्त्व आहे.
सोस्नाला सगळं समजावून सांगितलं, दोन्ही हिरव्यांतला फरक. इतकी भारावली की नुसतं "बरं" म्हणाली. मग फोन कट झाला.

नेहासे २
उपास सुरू. रोज शिरो, डाळीच्या पिठाचं कालवण. शिरो खाऊन बसलं की सगळे रंग तपकिरी दिसतात. या परिस्थितीत काम करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही.
हॉस्पिटलच्या नोंदणी विभागाच्या सिस्टर येशींचा फोन. "बाळा, पोरं जन्मायची थांबत नाहीत रे. काळी दे, निळी दे, पण चौकट दे." बिचाऱ्या. दर्जाची सवयच नाही.

नेहासे ११
पागुमे फार छळतोय. पाच दिवसांचा महिना. वर एक ओळ भरते आणि खाली नुसतं ओसाड मैदान. बघवत नाही. युक्ती सुचली: त्या मोकळ्या जागेत नव्या वर्षाचं पिवळं फूल काढायचं. आदेय. जगात कुणाच्या कॅलेंडरात नसेल.
देजेनेकाकांचा फोन. "अरे, आमच्यातल्या एकाचे गुडघे धरलेत. त्याला बसमध्ये कधी चढवायचा ते तरी सांग."
म्हटलं, फूल होऊ द्या.
"कसलं फूल?" असं तीनदा विचारलं. लाइन खराब असावी.

नेहासे १८
पाकळ्या जमेनात. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. तीही पांढरी. कुणीतरी मला इथे घालून बाहेरून कडी लावलीय. विंडोजनं, हॉस्पिटलनं, गाशेंनी, सगळ्यांनी मिळून. माझ्या हातात असतं तर केव्हाच गेलो असतो.

नेहासे २६
अदामाला जाऊन चौकट दाखवली. सगळ्या जणी गोळा झाल्या. "अगं बाई, फूल बघ!" अंगावर मूठभर मांस चढलं.
मग एकीनं तारीख टाइप करायला घेतली. काही उमटेना. चौकट मी काढली खरी, पण तिच्यात लिहिता यायला हवं हे राहून गेलं. म्हटलं, माउसनं निवडा. समोर एक बाळंतीण उभी होती. तिची जन्मतारीख गाठायची म्हणजे एकेक महिना मागे जायचं. क्लिक, क्लिक, क्लिक. आधी बाळ रडायला लागलं, मग ती. रांग दाराबाहेर गेली.
निघताना सिस्टर येशी म्हणाल्या, "तुझी आई भेटली तर सांगेन हो, लेक चित्रं फार छान काढतो."
कौतुक करणारी माणसं अजून आहेत.

पागुमे २
सोस्ना आली! रात्रभर बसचा प्रवास करून थेट ऑफिसात. गाशेंनी स्वतः कॉफी ओतली.
ती म्हणाली, "बाबा विचारतायत. मीही विचारतेय. एक तारीख सांग."
मी कॅलेंडर उघडलं. फूल दाखवलं. तिनं नीट बघितलं.
"सुंदर आहे," म्हणाली. "आता यातल्या एका दिवसावर बोट ठेव."
तेवढ्यात गाशे मध्ये पडले. "पोरी, उचलून ने याला. हॉस्पिटलनं ती जुनी पांढरीच मागून घेतली, काम सुरूसुद्धा झालं. मी रोज म्हणतो जा, हा जातच नाही."
म्हटलं, गाशे, टाइप करायचं तेवढं राहिलंय. अर्धवट टाकून जाऊ?
सोस्नानं कप खाली ठेवला. माझ्या खांद्यावरून हात फिरवला, आजारी माणसाच्या फिरवतात तसा, आणि गेली. समंजस आहे. दुसरी असती तर भांडली असती.

मेस्केरेम ५
कॉलेजनं दुसरा माणूस घेतला. त्यांनाच घाई.

मेस्केरेम १८
मेस्कलच्या सणाला सगळे गावी. ऑफिसात मी एकटा.
काकांचा फोन आला. सोस्नाचं लग्न ठरलं. तिच्याच दुकानात औषधं पोचवणारा कुणी गेताहुन म्हणून आहे. तिनं काकांना स्वतः कळवलं, मला सांगवेना म्हणाली. दोन्हीकडचे म्हातारे बसले, कॉफी झाली, आणि तिसरा कप यायच्या आत तारीख ठरली. तिर १६.
काका म्हणाले, "ऐकतोयस ना?"
म्हटलं, ऐकतोय.
फोन ठेवला. चौकटीत तिर १६ टाइप केलं. कालपासून टाइप होतंय. पहिल्या फटक्यात उमटलं, खाली कॅलेंडर उघडलं. रविवार येतो.
बराच वेळ समोर तेच आहे. उघडलेलं कॅलेंडर बंद कसं करायचं, ते लिहायचं राहिलंय.