कावळ्याने काय नेलं

कोपरी, ठाणे (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रमोदिनीला कलावतीचे आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझी तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून दुखतोय. केतन आणि सूनबाई पुण्याला मजेत आहेत. जागृतीची परीक्षा कशी गेली ते कळव. मला कळवायचं नसेल तर नको, पण काकूने विचारलेलं एवढं तिला सांग.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर तू उचलत नाहीस. दुसरं कारण पुढे येईल. आधी रेडिओचं सांगते.

ह्यांचा जुना रेडिओ तुम्ही नेल्यावर घर फार गप्प झालं, म्हणून केतनने त्याच मेघनाद कंपनीचा नवा पाठवला. मेघनाद म्हटलं की कोळीवाड्यातली म्हातारी माणसं अजून मान डोलावतात. आपला चाळीस वर्षं चालला. दोनदा होडीतून खाडीत पडला. एकदा चंदूच्या हळदीत चोरीला गेला, तोही परत आला, कारण चोराच्या बायकोनेच ओळखला.

नवा नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी बातम्या देणारी बाई "आता हवामान" म्हणाली आणि जी गप्प झाली ती झालीच. कंपनीने बदलून दिला. दुसरा आपल्या मर्जीने बंद व्हायचा आणि आपल्या मर्जीने चालू. मी आंघोळीला गेले असताना एकदा घरात पुरुषमाणूस बोलायला लागला. शेजारची सुमती काठी घेऊन आली, सगळी खोली शोधली, आणि काही मिळालं नाही म्हणून हिरमुसून गेली. तिसऱ्याचा आवाज कमी करायला गेलं की स्टेशन बदलायचं. कीर्तन जरा हळू करावं तर शेअर बाजार लागायचा.

चौथ्याची वाट न बघता मी गेल्या बुधवारी स्वतः डोंबिवलीला गेले. मानपाड्याला कारखान्यांच्या रांगेत त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, सगळ्या जिल्ह्याला एकच. टेबलापाशी मेघाली नावाची मुलगी होती, जागृतीपेक्षा थोडी मोठी. तिने रेडिओ उघडला आणि सरळ सांगितलं, कंपनीचं नाव तेवढं जुनं आहे, आतलं सामान आता बाहेरून येतं.

मी विचारलं, "मग तुम्ही काय बनवता?"

"डबा, आजी."

मी तिला सांगितलं, मी तीस वर्षं बाजारात मासळी विकली, पापलेटाच्या नावाखाली दुसरं काही दिलं असतं तर बायकांनी माझी पाटी रस्त्यावर ओतली असती. ती हसली. म्हणाली, जुना असेल तर तो आणा, त्याला अजून मरण नाही. मी म्हटलं, जुना हरवला.

हे बोलताना माझी नजर तिच्या मागच्या फळीवर गेली. तिथे तो बसलेला. तुटलेल्या एरियलच्या जागी माझीच स्वयंपाकघरातली तार, आणि कोपऱ्यावर केतनच्या हळदीचा डाग. खाली भावोजींच्या नावाची चिठ्ठी होती, सुदेश भोईर, शहाड.

मेघालीला वाटलं मी कौतुकाने बघतेय. मग तिनेच सगळं सांगितलं. शहाडचे काका दर पंधरा दिवसांनी येतात. रेडिओ दिवसरात्र चालू ठेवतात, पार तापून आतलं काहीतरी जळतं, मग घेऊन येतात. तिने समजावलं, काका, माणूससुद्धा झोपतो. तर म्हणाले, भावाला वचन दिलंय, हा गप्प झाला तर त्याला त्रास होईल. परवा तो सोडून जाताना दुकानात रडले. आणि तुमच्या घरात कोणालाच धड झोप नाही, फोनवर बोलायचं तर जिन्यात जावं लागतं, हेही तिनेच सांगितलं. तेव्हा फोन न करण्याचं दुसरं कारण तुला कळलं असेल.

मी तिथल्या बाकावर बसले. तिने पाणी दिलं.

प्रमोदिनी, दशक्रियेचा दिवस आठव. खाडीवर केळीच्या पानावर पिंड ठेवलेला आणि तासभर एकही कावळा शिवेना. भटजी घड्याळ बघायला लागलेले. केतन म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. मी म्हटलं, कोणाला टाकून बोलणार नाही. त्यावर कावळ्याने तोंडच फिरवलं. मग मी उठून पिंडाच्या पाया पडून आले, आणि मी जागेवर बसते न बसते तोच भावोजींनी हात जोडले, "दादा, तुझा रेडिओ मी कधी गप्प होऊ देणार नाही." आणि कावळा उतरला.

सगळे म्हणाले, काळुरामचा जीव रेडिओत होता. तेराव्याला तुम्ही तो न्यायला आलात आणि मी तुला दारात बोलले, "न्या. उद्या कावळा म्हणाला तर घरपण न्या." आता दीड वर्ष होत आलं. ते बोलणं चुकीचं होतं. पण मी का चिडले ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं.

कावळा उडताना चोचीत काहीतरी लांबट होतं, आठवतं? तू कानाशी येऊन विचारलेलंस, "ताई, ते काय?" मी म्हटलं, दर्भ असेल.

तो बोंबील होता. सुका. पाया पडताना मी भाताखाली सरकवला. सकाळपासून कनवटीला होता. भटजींना कळलं असतं तर त्यांनी खाडीतच उडी घेतली असती. कावळा रेडिओसाठी आला नाही, प्रमोदिनी. कोळ्याच्या घरचा नुसता भात त्याला नको होता, एवढंच.

का ठेवला तेही लिहिते, आता लपवून ठेवायचं काय.

ज्या दिवशी हे गेले त्या सकाळी ह्यांनी भाजलेला बोंबील मागितला. डॉक्टरने मीठ बंद केलेलं. मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग देते. दुसऱ्यांदा मागितला तेव्हा मी ओरडले, तोंडाला चव नाही नि बोंबील हवा. तिसऱ्यांदा मागितला नाही. दुपारी गेले. रेडिओ चालूच होता, तो मीच बंद केला. त्यांनी काही तक्रार केली नाही.

तेव्हा हे पत्र भावोजींना वाचून दाखव. त्यांच्या वचनाला कावळा शिवलेला नाही. ते मोकळे आहेत. पिंड बाटवल्याचा दोष असेल तर तो माझा, मी बघून घेईन. फक्त भटजींना सांगू नका, केतनच्या मुलाच्या बारशाला त्यांनाच बोलवायचंय. हो, सूनबाईला सातवा आहे. ही बातमी तुला अशी कळावी हे काही मला बरं वाटत नाही.

रेडिओ गुरुवारी तयार होतो. आणलात की संध्याकाळच्या बातम्या ऐका आणि बटण फिरवून झोपा. काही होत नाही, मी करून बघितलेलं आहे.

रविवारी दोघं या, जागृतीला आणा. रेडिओपण आणा. परत नेलात तरी चालेल, तासभर माझ्याकडे वाजू दे.

बोंबील उन्हात घातलेत. ह्यांच्या वाटचा पहिला भाजून ताटात काढीन, मग आपण जेवू.

दार उघडं ठेवून,
तुझी मोठी जाऊ
कलावती