लेनी रॅट्रेची निवड

डनेडिन,
३ डिसेंबर १९६१

चि. फर्गस यास मर्डोदादाचे अनेक आशीर्वाद, आणि चि. सौ. जीनला त्याहून चार जास्त, कारण ती तुला सांभाळते.

परीक्षा आटोपल्या, वसतिगृहातली पोरं आपापल्या घरी गेली. आता माझा आवडता उद्योग सुरू झाला आहे. आमच्या किर्कलँड शाळेच्या रिकाम्या मैदानाकडे तोंड करून बसायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या रग्बी मोसमाची पोरं एकेक करून तोलायची. यंदाचा माल ऐक. स्क्रमच्या रेटारेटीत मधोमध गिलफिलन आहे. अंगाने रेडा, आणि डोक्यानेही रेडाच, त्यामुळे निदान फसवणूक तरी नाही. सगळ्यांच्या मागे उभा राहणारा फुलबॅक बॉल वर उडाला की डोळे मिटून घेतो, आईने प्रार्थनेची सवय चांगली लावलेली दिसते. आणि सूत्रधाराच्या जागी आमच्या शाळा-मंडळाच्या अध्यक्षांचे चिरंजीव प्रेंटिस. दिसायला राजपुत्र. बॉल हातात आला की पास कुणाला द्यायचा हे ठरवेपर्यंत प्रेक्षकांचं खाणं आटोपतं. पण वडील अध्यक्ष आहेत, तेव्हा राजपुत्रच खेळणार.

तुझ्या मासेवाल्यांचं काय? यंदा पहिलाच सामना तुमच्याशी, तुमच्याच मैदानावर आहे. गेल्या खेपेला तुझ्या चिमुकल्या शाळेने आम्हाला असं काही रडवलं की जिंकूनही हेडमास्तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा लपवू नकोस, एकेका पोराचं लिही. नाताळात गळ घेऊन येतोच आहे.

जीनच्या हातच्या स्कोनांवर आणि तुझ्यावर, याच क्रमाने, लोभ आहे.

तुझा,
मर्डो

*

तुआरोआ,
१४ डिसेंबर १९६१

ती. दादास फर्गसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जीनला वाचून दाखवलं. ती हसली, आणि मग म्हणाली, भावजींनी एखाद्या पोराबद्दल कधी बरा शब्द लिहिला आहे का? मी म्हटलं, तो दादाचा स्वभाव आहे, मनात काही नसतं.

आमची पोरं तुला माहीतच आहेत. निम्मी होडीवरची, निम्मी मेंढरांमागची. पंधरा जमवायचे म्हणजे वर्गाबाहेर उभ्या असलेल्यालाही आत घ्यावं लागतं. पण दादा, यंदा माझ्याकडे लेनी रॅट्रे आहे. गेल्या मोसमात त्याचा पाय दुखावला होता, म्हणून तू त्याला अर्धवटच पाहिलास. अंगाने लहान. पण बॉल हातात यायच्या आधीच त्याला मैदानात मोकळी जागा कुठे पडणार ते दिसतं. दोन्ही पायांनी सारखा मारतो. मोठी गोष्ट म्हणजे तो असला की बाकीचे चौदा आहेत त्याहून चांगले खेळतात. आमच्या खुणेचे शब्द त्यानेच बसवले. गावातल्या मेंढपाळी कुत्र्यांची नावं आहेत सगळी! टिप म्हटलं की काय, मोस म्हटलं की काय, ते आम्हालाच ठाऊक.

बाप नाही. आई, ऊना रॅट्रे, लोकर कापणाऱ्या टोळ्यांचा स्वयंपाक करते. पोराला जमीन मोजणीचं शिकायचं आहे आणि गणितात तो माझ्याही पुढे गेला आहे. येतं वर्ष त्याचं शाळेतलं शेवटचं. मला मूल नाही, तेव्हा जीन म्हणते की मी त्याच्याबद्दल जरा जास्तच बोलतो. असेलही.

लवकर ये. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
फर्गस

*

डनेडिन,
९ जानेवारी १९६२

चि. फर्गस यास आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. जीनने बांधून दिलेलं मटण वाटेत गोरच्या स्टेशनातच संपलं.

आता कामाचं. तुझ्या रॅट्रेला मी किनाऱ्यावर बॉल मारताना पाहिलं ते विसरता येत नाही. तुझ्यापाशी हा पोरगा वाया जातोय. रागावू नकोस. तुझ्या शाळेत वरच्या गणिताला मास्तर नाही, तू रात्री घोकून सकाळी त्याला शिकवतोस. इथे विद्यापीठातून आलेला माणूस आहे. वसतिगृहाची फी माफ करून घेतो. वर्षभर किर्कलँडचा कोट अंगावर घातलेल्या मुलाला मोजणीखात्यात कोण नाही म्हणणार? शाळा बदलली की त्या वर्षी जुन्या शाळेकडून खेळता येत नाही हा नियम तुला ठाऊक आहे, तेव्हा तुझं नुकसान होणार हे मी मान्य करतो. पण मास्तर म्हणून तुझं कर्तव्य कुठलं, हे तुझं तूच बघ.

आईशी तू बोल. माझ्यासारख्या शहरी माणसावर ती भरवसा ठेवणार नाही. तुझं ऐकेल.

तुझ्या थोर मनाची खात्री असलेला,
मर्डो

*

तुआरोआ,
२ फेब्रुवारी १९६२

ती. दादास सा. न. वि. वि.

आज लेनीला गाडीत बसवून दिलं. चार रात्री मला झोप नव्हती, पण तुझं म्हणणं खोटं पाडता येईना.

मी गेलो तेव्हा ऊनाबाई बटाटे सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या की मास्तर, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही जा म्हणत असाल तर तो जाईल. लेनी मात्र अडला. म्हणाला, सर, यंदा आपण त्यांना हरवणार होतो. मी त्याला म्हटलं, एक सामना काय आयुष्याला पुरतो का? दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी भरली.

टीममधली पोरं माझ्याशी धड बोलत नाहीत. आमचा सँडी गाऊ, लेनीचा जिवलग, स्टेशनवर आलाच नाही. गाडी हलली तेव्हा लेनीने खिडकीतून हात हलवला, तो मला नव्हता. मागे डोंगरावरच्या रस्त्यावर सायकल धरून सँडी उभा होता.

दादा, पोर अबोल आहे. भूक लागली तरी सांगणार नाही. त्याला जप. तुझ्या हवाली केला आहे म्हणून निर्धास्त आहे.

तुझ्या मायेतला,
फर्गस

*

डनेडिन,
२८ मार्च १९६२

चि. फर्गस यास आशीर्वाद. तुझी तीन पत्रं मिळाली. मोसम तोंडावर आला की मला जेवायला फुरसत नसते, पत्रं कसली लिहितोस?

निवडीचे सामने संपले. रेडा आहे तसाच आहे. फुलबॅक आता एक डोळा उघडा ठेवतो. सूत्रधार अर्थातच प्रेंटिस. तुझा रॅट्रे तिसऱ्या टीममध्ये आहे. तुझ्या पत्रातून तो सहा फुटांचा वाटत होता, इथे गिलफिलनच्या सावलीत उभा केला तर सापडत नाही. खेड्यात आंधळ्यांना खेळवत होता, इथे डोळे असलेले आहेत. बुधवारी पहिल्या टीमला सरावासाठी समोर कुणीतरी लागतो, त्या कामाला उपयोगी पडतो. अंगावरून किती जण गेले ते मोजत नाही, हा गुण आहे.

हो, आणि एक मजा सांगायची राहिली. तुमची कुत्री आता आमच्या दारात बांधली आहेत! टिप म्हणजे डावीकडून, मोस म्हणजे उंच मारायचा, बाकीचीही सगळी कळली. पहिल्या टीममध्ये घेईन म्हटल्यावर तुझ्या लाडक्याने एका बैठकीत घडाघडा ओकलं. माणसाची किंमत अशी कळते, बाळ. तू भाबडा तो भाबडाच.

जीनला सांग, स्कोन करून ठेव, मेमध्ये येतोच.

तुझा,
मर्डो

*

तुआरोआ,
२४ एप्रिल १९६२

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिलेले दोन्ही अर्थ बरोबर होते. मग पोरांना एकत्र केलं, सांगितलं की लेनीने आपल्याला विकलं, आणि सगळ्या खुणा बदलल्या. नव्या अजून जिभेवर बसत नाहीत. काल सरावात एकाच शब्दावर निम्मे डावीकडे धावले आणि निम्मे उजवीकडे.

ईस्टरला लेनी घरी आला. पिशवी घरी टाकून तडक मैदानावर. बूट गळ्यात अडकवलेले. हसत होता. दादा, तो हसत होता याचाच मला जास्त संताप आला. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, इथे काय राहिलंय न्यायचं? विकायला अजून काही हवंय का? त्याला आधी कळलंच नाही. मग मी खुणांचं बोललो. त्याने एवढंच विचारलं, कोण म्हणालं? मी म्हटलं, माझा भाऊ म्हणाला, आणि तो माझ्याशी खोटं बोलत नाही. त्यावर लेनीने तोंड मिटलं ते मिटलंच. मी म्हटलं, बघा, आता शब्द फुटत नाही.

सँडी गाऊने त्याच्या गळ्यातले बूट हिसकावले आणि नाल्यात भिरकावले. कुणी चिखल मारला. मी शिटी वाजवून थांबवू शकलो असतो. मी पाठ फिरवली आणि बाकीच्यांना धावायला लावलं. वळून पाहिलं तेव्हा तो गेला होता.

जीन म्हणते, तू लेनीला विचारलं नाहीस, नुसतं सुनावलंस. बायकांना हा खेळ कळत नाही. पण जेवण जात नाही, हे खरं.

लोभ असू दे, आता तुझाच काय तो आधार आहे.

तुझा,
फर्गस

*

डनेडिन,
२९ एप्रिल १९६२

चि. फर्गस यास आशीर्वाद आणि पाठीवर एक सणसणीत थाप.

अरे वेड्या, ती गंमत होती! तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं, लोकांना ठसका लागला. तुझ्या पोराने एक अक्षर सांगितलेलं नाही. टिप आणि मोस मला गेल्या वर्षीच मैदानाच्या कडेला उभं राहून कळले होते, बाकीचं ठोकून दिलं. सामन्याच्या तोंडावर सगळ्या खुणा बदलल्यास! यालाच मी प्रशिक्षण म्हणतो.

खरं सांगायचं तर मी त्याला विचारलं होतं. सरळ म्हटलं, सांग आणि शनिवारपासून पहिल्या टीममध्ये ये. म्हणाला, सर, ते माझ्या एकट्याचं नाही. मग बुधवारच्या सरावात मी आमच्या धटिंगणांना जरा मोकळं सोडलं. दोन बोटं मोडली, ती तिसऱ्याला बांधून पुढच्या बुधवारी पुन्हा हजर. तोंड नाही उघडलं. शिकवलंस चांगलं, एवढं श्रेय तुला देतो.

आणि आता मोसम सुरूच होतोय, तेव्हा हेही ऐकून घे. त्याला खेळवायचा विचार माझ्या मनात कधीच नव्हता. अध्यक्षांचा मुलगा बाहेर बसवून रॅट्रेला उभा करायला मला नोकरी जड झालेली नाही. तो तुझ्याकडे असता तर तू मला तुझ्या गावात धुतलं असतंस. तो इथे आहे, म्हणून धुणार नाहीस. किनाऱ्यावर त्याला पाहिला त्याच दिवशी मी हे ठरवलं. तू माझ्या जागी असतास तर हेच केलं असतंस, फक्त आधी चर्चमध्ये जाऊन आला असतास.

ईस्टरनंतर तो परतलेला नाही. बिछाना रिकामा आहे, हेडमास्तर विचारतात. समजूत घालून धाडून दे, नाहीतर नाव कमी होईल. शनिवारी भेटूच. नेहमीची वरची खोली दे, खालच्या खोलीत समुद्राचा आवाज येतो.

तुझा थट्टेखोर दादा,
मर्डो

*

तुआरोआ,
३ मे १९६२

मर्डो,

तुझं पत्र मंगळवारी आलं. ते खिशात घालून मी रॅट्रेंच्या घरी गेलो. ऊनाबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. मी पत्र पुढे केलं. त्या म्हणाल्या, मला वाचून काय करायचंय मास्तर, मी तर तुमच्या तोंडच्या शब्दावर पोर पाठवला होता. आणि दार लावून घेतलं.

लेनी मॅकेच्या मासेमारी होडीवर कामाला लागला आहे. दुपारी होडी आली तेव्हा मी धक्क्यावर होतो. तो कॉड मासे साफ करत होता. दोन बोटं वाकडी जुळली आहेत, सुरी त्याला आता अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागते. होडीवरच्या माणसांदेखत मी त्याला सांगितलं की तू काही केलं नव्हतंस, मी चुकलो, मी नीच वागलो. शाळेत परत ये, गणित मी शिकवतो, परीक्षा इथूनच दे. खूप बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ठीक आहे सर. आणि म्हणाला की जरा बाजूला उभे राहा, पेटीतलं पाणी तुमच्या बुटांवर गळतंय. रागाने नाही रे. कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

पोरांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं. सँडी गाऊ उठून नाल्यात उतरला. काळोख पडेपर्यंत चिखल चिवडत होता. एक बूट सापडला. तो घेऊन लेनीच्या दारात गेला. लेनीने घेतला, आभार मानले, आणि आत गेला. सँडी मला म्हणाला, त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तू लिहितोस की तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. मी तेवढ्यावर थांबलो नाही. तुझ्या मुलांनी त्याची बोटं मोडली तेव्हा तो उठून उभा राहिला होता. माझ्या मैदानावरून तो गेला तो परत आला नाही. तुझं आणि माझं एवढं सारखेपण मला आधी ठाऊक नव्हतं.

शनिवारी सामना होईल. पोरांचा जुन्या खुणांवर विश्वास उरलेला नाही आणि नव्या त्यांना येत नाहीत, तेव्हा तू जिंकशील. जीनने विचारलं, भावजींची वरची खोली झाडून ठेवायची का? मी नको म्हटलं. स्टेशनासमोर हॉटेल आहे.

धक्क्यावरून निघताना मी लेनीला विचारलं होतं, शनिवारी बघायला तरी येशील का? त्याने पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, शनिवारी वारा चांगला आहे सर, आम्ही लांब जाणार आहोत.

फर्गस मॅकॅस्किल