मोठा मणी आला की दाब

फर्गल,

फोन उचलत नाहीस, म्हणून चिठ्ठी किटलीला टेकवून ठेवतेय. सोर्चा घोडीला औषध द्यायला निघालेले बाबा अंगणातच खाली बसले. छातीत कळ आली. मी त्यांच्यासोबत अँब्युलन्समधून लिमरिकच्या हॉस्पिटलात जातेय. घाबरू नकोस, बोलतायत, शिव्यासुद्धा देतायत.

तू आधी सोर्चाकडे जा. सकाळपासून घोडीची धाप थांबत नाहीये, बरगड्या भात्यासारख्या हलतायत. दम्याच्या औषधाचा पंप नीट हलव, त्याचा मास्क तिच्या डाव्या नाकपुडीवर घट्ट धर आणि पंप एकदाच दाब. मग तिचे दहा श्वास होऊ देत, तेव्हा पुन्हा. असं पाच वेळा. घाई केलीस तर मान झटकून मास्क उडवून देईल.

मोजायला बाबांची जपमाळ तबेल्यात खिळ्यावर आहे. दर दोन मोठ्या मण्यांमध्ये दहा लहान आहेत; मोठ्या मण्याला पंप, लहान मण्याला एक श्वास. मेरीमातेचा जप नाही केलास तरी चालेल, पण घोडीला बाबांच्या पुटपुटण्याची सवय आहे, तेव्हा काहीतरी पुटपुट.

गवत भिजवूनच घाल, कोरड्याच्या धुळीनंच तिला धाप लागते. काल संध्याकाळी तू कोरडं टाकलंस, हे मी बाबांना सांगितलेलं नाही.

स्ट्रेचरवरून त्यांनी माळ मागितली. मी आणायला धावले, तर मागून ओरडले, "राहू दे तिथंच! फर्गलला दहापर्यंत मोजता येत नाही."

रिकाम्या हातांनी चाललेत रे. औषध झालं की माळ घेऊन लगेच ये.

नुआला