थोरलीचं घर

१० जानेवारी
पप्पा वसईचं घर बिल्डरला देणार! "ग्लेन काही कॅनडातून परत येत नाही, मग ठेवू कोणासाठी?" म्हणे. आणि मी? धाकटा भाऊ तो, त्याच्यापेक्षा मोठी आहे मी! अबुधाबीत आहे म्हणून काय मेले? डोकं फिरलंय नुसतं.

१३ जानेवारी
ड्युटीवर मन लागेना. सेलेपच्या लगेच लक्षात आलं. हॉटेलच्या रिसेप्शनवर माझ्या शेजारीच असते ती. तैवानची. पण कुणी "चायनीज?" विचारलं की मान ताठ करून सांगते, "पायवान." तिथली आदिवासी जमात ती. त्यांची भाषा वेगळी, डोंगरातली गावं वेगळी. गळ्यात काचेच्या मण्यांची माळ, आणि त्या मण्यांना नावं! आजीच्या हातांवर गोंदण होतं — वाटेल तिला नाही मिळायचं हं, मोठ्या घराण्यातल्या बायकांनाच. आईशी फोनवर पायवानमध्येच बोलते. ऐकत राहावंसं वाटतं. आमची टेसा, मराठीत काही विचारलं की "व्हॉट, मम्मा?" तिचं बघून धाकटाही तेच. जळले थोडी, खोटं कशाला बोलू!

१४ जानेवारी
सेलेपला घराचं सांगितलं. तिला कळेचना. "तू थोरली ना? मग घर तुझंच." त्यांच्यात पहिलं मूल मुलगी असो की मुलगा, घर त्याचं. त्याला म्हणतात वुसाम — पुढच्या पेरणीला राखून ठेवलेलं राळ्याचं बियाणं, त्यालाही हाच शब्द. काय शहाणी माणसं! "मज्जा आहे बाई तुमची," मी म्हटलं. तर हसली. "मज्जा कसली? घर सांभाळावं लागतं. धाकट्यांचं, पाहुण्यांचं, सगळ्यांचं बघावं लागतं."

२ फेब्रुवारी
सेलेप गावी चालली, कायमची. तीही थोरलीच. आईला घर झेपत नाही आता. इथली एवढी चांगली नोकरी सोडून! पण चेहरा बघावा तिचा — खूश. निघताना बॅगेतून लाकडाचा जोडपेला काढला. एकाच दांड्याला दोन पेले. दोघींनी गालाला गाल लावून एकदमच प्यायचं. त्यात इथला दाट दुधाचा करक चहा ओतला. अर्धा माझ्या युनिफॉर्मवर! हसून हसून मेलो. ती टॅक्सीत बसली आणि मी पॅन्ट्रीत जाऊन रडले.

३ फेब्रुवारी
पप्पांना फोन लावला. "मी थोरली आहे. घर मला हवंय." पप्पा म्हणाले, "इनेज, कुलूप लावून ठेवायला हवंय, की राहायला?" "उद्या सांगते," म्हणून फोन ठेवला.

४ फेब्रुवारी
नवऱ्याला विचारलं. वॉल्टर म्हणतो, "मुलांच्या शाळा होऊ देत, मग बघू, इन्शाल्ला." म्हणजे कधीच नाही!

९ फेब्रुवारी
राजीनामा दिला. पप्पांना सांगितलं, राहायलाच येतेय. त्यांनी बिल्डरला नकार कळवला. वॉल्टरला संध्याकाळी सांगेन. टेसाला आधी सांगितलं — थोरली आहे ती.