रोज दाट होत गेलेलं रसम

सौ. तिलकवती विहीणबाईंस,
वेणुगोपाळचा नमस्कार.

हृदयाच्या झटक्यातून वाचलो. उद्या घरी सोडतील. तुम्ही सुंदरपेरुमाळ कोयिलहून रोज सकाळच्या गाडीने माझ्यासाठी डबा घेऊन आलात. आणि मी तुमच्यासमोरच बायकोला मराठीत म्हणालो, "हे रसम आहे का भांडी धुतलेलं पाणी?" इथे कुंभकोणमात चारचौघांत मराठी बोललं, की दार लावून बोलल्यासारखंच वाटतं आम्हाला.

दुसऱ्या दिवशी रसम दाट आलं. मिरे कमी म्हणालो, तर मिरे आले. मला वाटलं, बायकोनेच सांगितलं असेल. मग तेही बोललो, "ही बाई मी मेलो का ते बघायला येते." तुम्ही माझी उशी सारखी करत होता. तुमचे हात जरा थांबले होते, ते आत्ता आठवतंय.

आज आपली नात वाणी आली. तिने मराठीत विचारलं, "आजी, तात्या बरे झाले?" आणि तुम्ही मराठीतच म्हणालात, "झाले गं. झोपू दे त्यांना." सूनबाई हरिप्रिया म्हणते, नातीशी बोलायलाच तुम्ही मराठी शिकलात. मी झोपलो नव्हतो. डोळे उघडायचा धीर झाला नाही.

तमिळमध्ये लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं. मराठी तुम्हाला ऐकून कळते, वाचता येत नाही. हे मला ठाऊक आहे, आणि तरी मराठीतच लिहितोय. अजून दार लावूनच बोलतोय मी.

तुमचा ओशाळलेला व्याही,
वेणुगोपाळ