क्रेनखालची मूठ

पप्पा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. वर्तमानपत्रात मात्र दर रविवारी लोकांना चिमटे काढत असते. आज लिहायला बसले, कारण परवा मोशीला मावशींकडे जाऊन आले. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या मावशी; रविवारच्या उपासनेत, प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला कायम पहिल्या उठायच्या, त्या.

मी दहा वर्षांची असेन, खंडेनवमीला तुम्ही मला पिंपरीच्या कंपनीत नेलं होतं. मशिनींना झेंडूच्या माळा, तुमच्या क्रेनच्या हुकालाही एक, आणि वर केबिनमध्ये सबंध शॉपमधला एकटा ख्रिस्ती माणूस. पूजेनंतर घरच्यांना दाखवायला म्हणून तुम्ही एक अवजड लोखंडी साचा उचललात. खाली एक चाचा उभे राहून खुणा करतायत. बोट खाली फिरवलं की तुम्ही उतरवताय, मूठ आवळली की जागच्या जागी थांबताय. शेवटी साचा जमिनीला टेकला आणि साखळ्या सैल पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र राग आला होता. सायकलवर घरी येताना मी विचारलं, एवढे उंच बसता, मग खालच्याचं कशाला ऐकता? तुम्ही पायडल मारत म्हणालात, "वरून समदं दिसतंय असं वाटतंय नुसतं. हुकाखाली काय हाय, ते त्यालाच दिसतंय."

पुढे कॉलेजात असताना एकदा स्वयंपाकघरात मी मावशींची नक्कल करत होते: प्रभू त्यांना कुठली बस पकडायची तेही सांगतो, वगैरे. आई पोळ्या लाटता लाटता हसून बेजार. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "नजर चांगली हाय तुजी. पण तू वरूनच बघती." आईचं लाटणं थांबलं. नक्कल मी तिथेच सोडली, कायमची नाही.

तुम्ही गेल्यावर टोकणारं कोणी उरलं नाही. अकरा वर्षांपूर्वी मावशींनी साक्षीत सांगितलं की मोशीचा फ्लॅट घेण्याआधी त्यांनी प्रभूला विचारलं, आणि त्याने दुसरा मजला दाखवला. मी लगेच देवाच्या इस्टेट एजन्सीवर लेख पाडला. नाव घातलं नव्हतं, पण मंडळीत ओळखायचं कोणी राहिलं नाही. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी सगळ्यांनी सवयीने मावशींकडे पाहिलं. त्या बसून राहिल्या. तेव्हापासून चर्चमध्ये त्या मोठ्याने एक शब्द बोललेल्या नाहीत.

यंदा उपवासकाळात पाळकसाहेब नव्या जन्मावर बोलले. बावन्नाव्या वर्षी नवा जन्म म्हणजे पुन्हा दात येण्यापासून सुरुवात, असा विनोद मनात तयार झाला, आणि पहिल्यांदाच मला माझा कंटाळा आला. घरी येऊन गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, आता तू सांगशील तसं. हे म्हणायला सोपं असतं, कारण तो लगेच काही सांगेल अशी अपेक्षा नसते. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. फक्त डोळे मिटले की बसून राहिलेल्या मावशी दिसायच्या. मी तडजोड सुचवली, माफीचा लेख लिहिते, झकास लिहिते. खालून मूठ. पाळकसाहेबांबरोबर निरोप पाठवते. पुन्हा मूठ. तीन आठवडे मी भार घेऊन वर लोंबकळत होते, पप्पा. लोक म्हणतात देव वर असतो. माझा तर खाली उभा होता, जिथून भाराखाली कोण सापडलंय ते दिसतं.

शेवटी गेले. मोशीच्या चौकात कंटेनरच्या रांगेत रिक्षात बसून वाक्यं घोटली. मावशींनी दार उघडलं, आत घेतलं आणि मेथीची जुडी माझ्यापुढे टाकली. मी पर्समधून कागद काढला.

"लिहून आणलंयस होय? ठेव तो. तोंडानं बोल."

शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला एवढंच जमलं, "मावशी, चुकलं माझं."

त्या पानं खुडत राहिल्या. म्हणाल्या, "वाचला होता मी. दोन ठिकाणी हसूपण आलं. मग वाटलं, आपण त्याच्याशी बोलतो ते लोकांना असं दिसतं होय." जुडी संपली तशा म्हणाल्या, "चल, डोळे मीट."

आणि मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. आधी शब्द चाचपडत, मग तोच जुना तोरा. सून, गुडघे, बाथरूमची गळती, मी, सगळं त्यांनी प्रभूच्या कानावर घातलं. माझ्या हातात मेथीचे देठ होते आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. त्या दिवशी कंपनीत साखळ्या सैल पडल्या होत्या ना, तसं आत काहीतरी सैल पडलं. रविवारी त्या साक्षीला उठतील का, ठाऊक नाही. ते मी ठरवायचं नाही, एवढं कळलंय.

हे पत्र तुमच्या शास्त्रात, त्या जुन्या बायबलात घालून ठेवते, टपालखात्याला त्रास नको. फक्त एक कबूल करते. प्रार्थनेत मावशी एक वाक्य असं बोलल्या की माझे दहा लेख निघाले असते. या पत्राच्या मागच्या पानावर जी ओळ गिरवून गिरवून खोडलीय, ती तीच. खोडायच्या आधी मी ती दोनदा वाचली, आणि हसले.