सतरा एकांचा दगड

मी, पितांबर वना बोरसे, वय एकोणऐंशी, निवृत्त गणित शिक्षक, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहितो. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांना तेविसाचा पाढा उलटा म्हणून दाखवला, मध्ये तेच अडखळले.

घर माझ्या स्वकष्टार्जित पैशाचे. दर्शनी दगडावर ११,११,११,११,११,११,११,१११ ही संख्या कोरली आहे. सतरा एक, कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही. बांधकामाच्या वेळी मी तिला मिळेल त्या संख्येने भागून पाहिले, बाकी उरतच गेली. ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागू शकत नाही, असे ठरवून खाली घराचे नाव कोरले, 'अविभाज्य'. त्याच दगडामागे जितेंद्र आणि भूपेंद्र या माझ्या मुलांनी मधोमध भिंत घातली. आम्हा म्हाताऱ्यांना मागची खोली राहिली. तिला दोन दारे, एक याच्या घरात उघडते, एक त्याच्या.

गेल्या मे महिन्यात पत्नी कुंदाबाई त्या खोलीत वारली. तिरडी कुणाच्या दारातून न्यायची यावर दोघे अडले.

"माय मन्हाच दारम्हाईन जाई," जितेंद्र म्हणाला.

"आनि मन्हा दारम्हा काय काटा शेतस?" भूपेंद्र म्हणाला.

दुपार सरली. बर्फाच्या लादीचे पाणी दोन्ही दारांखालून निघून गेले, ती मात्र तिथेच. शेवटी धनसिंग गवंड्याने, ज्याने ती भिंत बांधली त्यानेच, मागची खिडकी गजांसकट उखडली आणि तिला बाहेर घेतले. हे मी पोरांना माफ केलेले नाही.

तेराव्यानंतर जितेंद्रची मुलगी भाविका माझ्याजवळ येऊन बसली. ती कॉम्प्युटर शिकते.

"आबा, दगडावरचा आकडा फुटतो. २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७."

"आणि ते तुकडे?"

"ते दोन्ही मूळ आहेत. पुढे फुटत नाहीत."

गुणाकार मी हाताने करून पाहिला. बरोबर आहे. त्या दोन संख्यांना सामाईक विभाजक एकच, तो म्हणजे एक. माझ्या दोन मुलांत सामाईक त्यांची आई होती, ती गेली.

म्हणून घराचे हिस्से दोनच. पूर्वेकडचा जितेंद्रचा, पश्चिमेकडचा भूपेंद्रचा. भिंत राहू द्यावी. टेप लावून भांडू नये, संख्येचे तुकडेही सारखे नाहीत. बँकेतली ठेव, फळ्यावरचा लाकडी कंपास आणि तो दगड भाविकाचा. 'अविभाज्य' तिने छिन्नीने काढून टाकावे. आकड्याला हात लावू नये, त्याची काही चूक नाही.

राहिला माझा देह. त्यावर मुलांचा हक्क नाही. तो मी वैद्यकीय महाविद्यालयाला दिला आहे, कागद झालेले आहेत. खिडकी मी पुन्हा बसवू दिलेली नाही, मला तिथूनच न्यावे. मला कापणारी तिथली पोरे निदान शिकण्यासाठी कापतील.

हे वाचून, समजून सही केली.
पितांबर वना बोरसे

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार :
१. अभिमन सोनवणे, शेजारी
२. धनसिंग गिरासे, गवंडी

देवपूर, धुळे. ८ जानेवारी २०२५